शू जमली, शी अडली (वय २ वर्षं ८ महिने)

पेरूची_फोड | २८ एप्रिल, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत होते. पहिला धागा काढतेय तो शीवर. घ्या.

लेक २ वर्षं ८ महिन्यांचा. सिंहगड रोडला राहतो, घरात मी, नवरा आणि साबा (सासूबाई). होळी झाल्यावर डायपर सोडवायला घेतलं. शू आठवड्यात जमली, खरंच सांगते. पहिले तीन दिवस फरशी पुसून कंबरडं मोडलं, चौथ्या दिवशी स्वतःच चड्डी ओढत बाथरूमकडे पळाला. मी दोन दिवस हवेत होते.

शीचं मात्र घोडं अडलंय. आली की त्याला बरोबर कळतं. "आई, डायपल घाल" म्हणतो. घातला की हॉलच्या पडद्यामागे जातो, सोफ्याची कड धरून ताठ उभा राहतो, टाचा उचललेल्या, चेहरा लालबुंद. पडद्याखालून फक्त पाय दिसतात. "बघू नको!" म्हणून आतून ओरडतो. बऱ्याच वेळाने बाहेर येतो आणि "काढ" म्हणून हुकूम सोडतो.

डायपर नाही दिला तर दाबून धरतो. मागच्या आठवड्यात मीही हट्टाला पेटले आणि "डायपर संपले" असं सांगितलं. तीन दिवस केली नाही. चौथ्या दिवशी असा रडला की शेजारच्या काकू बेल वाजवून विचारायला आल्या.

तुळशीबागेतून बदकाची पॉटी आणली, तिच्यावर सध्या अस्वल बसतं. कमोडवर लावायची रिंग आहे, ती गळ्यात घालून फिरतो. स्टिकर झाले, चॉकलेट झालं, मोटू-पतलू दाखवत बसवणं झालं.

जूनपासून प्लेग्रुप, आणि त्यांच्या फॉर्मवरच "मूल डायपरमुक्त हवे" असं छापलंय. साबांचं रोज एकच वाक्य: "आमचा हा वर्षाचा असताना सांगायचा." हा म्हणजे माझा नवरा, ज्याला आजही स्वतःचा टॉवेल सापडत नाही.

काय करू?

---

दोन_लेकींची_आई | २९ एप्रिल, सकाळी ७:१०

पडद्यामागे!! अगदी अगदी. आमची धाकटी फ्रिज आणि भिंतीच्या फटीत जायची. मोठीचं डायनिंग टेबलाखाली होतं. त्यांनाही आडोसा लागतो गं, आपण दार उघडं टाकून समोर टाळ्या वाजवत बसतो ते त्यांना नको असतं.

एक सांगते, "डायपर संपले" हा प्रयोग परत करू नकोस. मी केला होता आणि सहा महिने मागे गेले. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता डबे.

---

कात्रजचा_घाट | २९ एप्रिल, सकाळी ९:३०

प्लेग्रुपवाल्यांना सरळ "हो, ट्रेन्ड आहे" सांगून टाका. पुढचं त्या मावशी बघतील. आम्ही तेच केलं.

---

आळूचं_फदफदं | २९ एप्रिल, सकाळी ९:४८

कात्रजचा_घाट, आयडीला जागलात. त्या मावशींना चौदा पोरं एकटीने सांभाळायची असतात हो. आणि मुलाला तिथे झाली तर वर्गात हसं त्याचं होतं. माझी आई वीस वर्षं पाळणाघर चालवत होती, खोटं सांगून सोडलेलं मूल तिला पहिल्या तासात कळायचं. डबा जेवायचं नाही, कोपऱ्यात पाय आवळून उभं राहायचं.

---

गुलबकावली | २९ एप्रिल, दुपारी २:१५

पेरूची_फोड, मी बालरोगतज्ज्ञ आहे. धाग्यावर तपासणी होत नाही, त्यामुळे हे औषधपत्र समजू नका. पण तुम्ही लिहिलेल्या एका ओळीवर अडकले: टाचा उचललेल्या, पाय ताठ, काहीतरी धरून उभा.

पालकांना वाटतं मूल कुंथतंय. बहुतेक वेळा ते उलटं करत असतं, म्हणजे येणारी शी रोखून धरत असतं. शी बाहेर ढकलताना गुडघे वाकतात, माणूस उकिडवा होतो. पाय ताठ करून, ढुंगण आवळून, टाचा उचलून उभं राहणं हे थोपवण्याचं लक्षण.

तीन गोष्टी सांगा. शी कशी असते, मऊ की खडा? डायपर सोडवायच्या आधीपासून हे होतं का? आणि दूध किती पितो?

---

पेरूची_फोड | २९ एप्रिल, दुपारी ३:४०

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला.

आधी शेळीच्या लेंड्यांसारख्या गोळ्या, मग एक मोठा खडा, माझ्या अंगठ्यापेक्षा जाड. फेब्रुवारीत एकदा थोडं रक्तही लागलं होतं, तेव्हा खोबरेल तेल लावलं आणि विसरले. पडद्यामागे जाणं बहुतेक त्याच सुमाराला सुरू झालं, आता आठवतंय.

दूध चार बाटल्या. सकाळी, दुपारी झोपताना, संध्याकाळी, रात्री. प्रत्येकी २५० मिली. जेवायला त्रास देतो म्हणून दूध तरी पोटात जाऊ दे, असं चाललंय.

---

गुलबकावली | २९ एप्रिल, रात्री ९:०५

मग हा पॉटीचा प्रश्न राहिला नाही, बद्धकोष्ठाचा झाला. एकदा दुखलं, म्हणून त्याने रोखलं. रोखलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. असं चक्र फिरत राहतं. त्याच्या लेखी डायपर आणि पडदा ही एकच जागा सुरक्षित आहे, आणि तीच तुम्ही काढून घ्यायला निघालात. हट्टी नाहीये तो, घाबरलाय.

आतडं बराच काळ ताणलेलं राहिलं की शी आल्याची जाणीवही बोथट होते. मग कधीकधी खड्याच्या बाजूने पातळ शी झिरपते आणि चड्डी सारखी माखते. लोकांना वाटतं जुलाब झालेत, आणि जुलाब थांबवायचं औषध देतात! तसं दिसलं तर लक्षात ठेवा.

उद्याच तुमच्या डॉक्टरांकडे जा. ते वजन बघून शी मऊ करणारं औषध देतील, बहुतेक लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल. हे काही आठवडे, कधी काही महिने द्यावं लागतं. चार दिवस बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही. याची सवय लागत नाही.

दूध लिटरभर फार झालं. या वयाला दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. एवढ्या दुधाने पोट भरलेलं असतं म्हणून तो जेवत नाही, आणि जेवत नाही म्हणून तुम्ही दूध देता. रक्तातलं लोहही तपासायला सांगा.

आणि तोवर डायपर परत द्या, मागेल तेव्हा. न बोलता.

---

पेशवेकालीन_बाबा | २९ एप्रिल, रात्री १०:२०

उत्तम पोस्ट डॉक्टर. मी दुसऱ्या टोकाचा अनुभव लिहितो, जरा हलकं होईल. आमची कन्या शिकली, पण "आली" आणि "झाली" यांत तिच्याकडे साधारण चाळीस सेकंद असायचे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघासमोर रविवारची गर्दी, आणि हिने जाहीर केलं. वाघाला सोडून सगळे आमच्याकडे बघत होते. तेव्हापासून गाडीच्या डिकीत पॉटी, पिशव्या, दोन चड्ड्या आणि पाण्याची पाच लिटरची कॅन. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्या पॉटीने दोनदा इभ्रत राखलीये.

---

पेठेतली_आजी | ३० एप्रिल, सकाळी ६:०५

पेरूची फोड, तुझ्या सासूबाईंचा राग धरू नकोस. त्या खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतायत.

आमचं शनिवारातल्या वाड्यात बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, संडास मागच्या अंगणात, सहा बिऱ्हाडांत तीन. एवढ्याशा पोराला तिथे कोण नेणार? आम्ही मोरीत पाय लांब करून बसायचो, दोन्ही पावलं जुळवून त्यावर बाळाला उकिडवं बसवायचं, पाठ आपल्या नडग्यांना टेकलेली. खाली कागद. तोंडाने "शूऽऽ" करत राहायचं. सकाळी उठल्याबरोबर, दूध झाल्यावर, झोपून उठल्यावर. तीन-चार महिन्यांच्या बाळापासून. वर्षाचं होईतो आवाज काढला की पोर करायचं. पण ध्यान आम्हाला ठेवावं लागायचं. पोराने भुवया ताणल्या की हातातली पोळी टाकून उचलायचं. घरात मी, सासूबाई, आत्येसासूबाई आणि एक नणंद. चार बायका एका ढुंगणामागे. तुम्ही दोघं नोकरी करता, तुमच्याकडून ते कसं होईल?

आणि लंगोट दिवसाला वीस-पंचवीस. श्रावणात वाळायचे नाहीत, मग शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक पसरायचा. सगळ्या खोलीला धुराचा वास. पोर लवकर सुटावं ही गरज आमची होती.

आता जे सासूबाई सांगत नाहीत ते मी सांगते. माझा थोरला वर्षाचा असताना "सांगायचा". तोच चौथीपर्यंत रात्री गादी ओली करायचा. गच्चीत गादी दिसली की साऱ्या वाड्याला कळायचं. आता तो पन्नाशीचा आहे, विचारलं तर म्हणेल आठवत नाही. मला आठवतं, कारण मी त्याला त्यावरून मारलं होतं.

---

दोन_लेकींची_आई | ३० एप्रिल, सकाळी ८:२२

आजी, शेवटची ओळ वाचून थांबलेच.

गादीचं आमच्याकडेही चालू आहे. मोठी पाच पूर्ण, आठवड्यातून दोनदा ओली. डॉक्टर म्हणाले पाचपर्यंत तर काळजीचं कारणच नाही, आणि बऱ्याचदा आईबापांपैकी कोणाचं तरी तसंच असतं. नवऱ्याने त्यावर जो चेहरा केला त्यावरून कोणाचं ते कळलं.

---

अभियंता_रजेवर | ३० एप्रिल, दुपारी १:००

आजींच्या काळाला एक जोड. १९६२ मध्ये ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने हजाराहून जास्त मुलांच्या नोंदींवर निबंध लिहिला. मूल तयारी दाखवेल तेव्हाच सुरू करा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आदल्याच वर्षी तिकडे पॅम्पर्स बाजारात आले होते. दोन्ही गोष्टी एकदम आल्या, म्हणजे थांबायला शास्त्राचा आधार मिळाला आणि थांबणं परवडायलाही लागलं. डायपरमधली पावडर, सोडियम पॉलिॲक्रिलेट, ओल इतकी धरून ठेवते की पोराला ओलं झाल्याचं कळतच नाही. लंगोटात ते लगेच कळायचं.

तयारी म्हणजे काय, तर दोनेक तास कोरडं राहणं, चड्डी स्वतः खाली करता येणं, घाण झाली की सांगणं, साध्या सूचना समजणं. वयाचं म्हणाल तर दीड ते तीन, कुठेही.

---

केळफूल | ३० एप्रिल, दुपारी ४:४५

खडा होत असेल तर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून ढुंगणाला लावायचा, दोन मिनिटांत मोकळं. आमच्याकडे सगळ्यांना केलंय.

---

गुलबकावली | ३० एप्रिल, सायंकाळी ६:१०

केळफूल, कृपया नको. देठ, साबणाची वडी, काहीच नको. ज्याला तिथे दुखण्याची भीती बसलीये त्याच्या तिथेच काही घालायचं म्हणजे भीती पक्की करायची. शिवाय इजा होऊ शकते.

घरचं करायचं असेल तर काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून द्या, पपई, पेर, वरणभातावर भाजी, पाणी. औषध चालू ठेवून, त्याच्याऐवजी नाही.

---

पेरूची_फोड | २ मे, रात्री १०:३०

जाऊन आले. पोट दाबल्यावर डाव्या बाजूला खालच्या अंगाला गोळा लागतो म्हणाले, माझाही हात धरून दाखवला. औषध सुरू. दूध दोन कप, बाटली बंद. पहिल्या रात्री बाटलीसाठी पाऊण तास रडला, दुसऱ्या दिवशी दुपारी दीड पोळी खाल्ली. दीड! साबांनी दृष्ट काढली.

डायपर परत दिला. त्याने घातल्या घातल्या माझ्याकडे असं बघितलं, की काय अट आहे. मी कुकर लावायला निघून गेले.

---

ओला_सुका_कचरा | ३ मे, सकाळी ११:१५

अवांतर आहे पण या धाग्यावर नाही तर कुठे लिहू. डायपर वापरा, काही म्हणणं नाही. पण आधी त्यातली शी संडासात झटकून टाका, मग गुंडाळून जुन्या वर्तमानपत्रात बांधा आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताई कित्येक वर्षं हेच सांगतायत. त्या हाताने वर्गीकरण करतात. पिशवी फोडल्यावर तुमचं बाळ त्यांच्या हाताला लागतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर वेगळे गुंडाळून द्यायचे असंच होतं. आणि कमोडमध्ये फ्लश करणाऱ्यांनो, आमच्या सोसायटीची लाइन गेल्या महिन्यात कशाने तुंबली होती ते प्लंबरने सगळ्यांना काढून दाखवलं. कोणाच्या घरचं ते कळलं नाही, पण तिसऱ्या मजल्यावरचे दोघं त्या दिवसापासून जिन्याने जातायत.

---

आळूचं_फदफदं | ३ मे, दुपारी १२:०५

लाल ठिपका +१.

पेरूची_फोड, पुढच्या टप्प्यासाठी आईला विचारून लिहिते. ती घाई करायची नाही. पडद्यामागे जातो ना, जाऊ दे. काही दिवसांनी म्हणायचं, डायपर घाल पण बाथरूमच्या दारात उभा राहा. मग बाथरूमच्या आत. मग डायपर घालूनच पॉटीवर बस. ते जमलं की डायपरला खालून भोक. हो, कात्रीने. शेवटी नुसती पट्टी कमरेला राहते आणि पोराला वाटतं डायपर आहे. एक पायरी चार दिवसांत होवो नाहीतर चार आठवड्यांत. भारंभार कौतुकही नको. "झाली का, बरं" एवढंच.

पायाखाली काहीतरी हवंच. पाय लोंबकळत असले तर आपल्यालाही जोर लावता येत नाही. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत, म्हणजे आपली उकिडवी बैठकच.

---

गुलबकावली | ३ मे, दुपारी १:३०

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. शिकवण्या घेत असल्या तर आमच्या ओपीडीत पाठवा.

जेवणानंतर वीसेक मिनिटांनी बसवा, पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं. पाच मिनिटं, फार तर दहा. आणि हे सगळं शी निदान तीनेक आठवडे रोज मऊ व्हायला लागल्यावर.

---

नर्मदेचा_गोटा | ३ मे, रात्री ११:४०

जून-जुलैत सुरू करणाऱ्यांसाठी: चड्ड्या वाळत नाहीत. पंधरा घेतल्या होत्या, पंधराही दमट. गुरुवारी पाणी बंद आणि त्याच दिवशी पोराचं पोट बिघडलेलं, असा एक गुरुवार मी जगलोय. बाकी धागा वाचतोय.

---

पेरूची_फोड | २४ मे, रात्री १०:१५

अपडेट. उशिरा लिहितेय, पण लिहिण्यासारखं मधे काही घडलं नाही, हेच चांगलं होतं. रोज एकदा, मऊ. टाचा उचलणं थांबलंय. पडद्यामागे जातो, पण आता आतून गाणं म्हणतो.

पायाखाली घ्यायला मी पाट शोधत होते. हाताला आला तो देवघरातला. साबांनी पाहिलं. पुढचे दोन दिवस घरात काय वातावरण होतं ते विचारू नका. नवऱ्याला बोहरी आळीत पाठवून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, निळं. साबांनी त्यावर पेनाने "शी" लिहून ठेवलं, परत घोटाळा नको म्हणून.

सध्या मुक्काम बाथरूमच्या दारात, डायपरसह.

---

पेठेतली_आजी | २५ मे, सकाळी ५:५०

सासूबाई मला आवडल्या.

---

पेरूची_फोड | ९ जून, दुपारी ४:०५

डायपरला भोक पाडलं. त्याने ते बघितलं, बोट घालून पाहिलं, आणि म्हणाला, "फाटला. दुसला दे." दुसऱ्यालाही भोक. तिसऱ्यालाही. मग स्वतःच हसत सुटला आणि बदकावर जाऊन बसला. नुसताच बसला, केली नाही. पण बसला!

प्लेग्रुपला जाऊन खरं काय ते सांगितलं. मुख्य बाई आधी फॉर्मवर बोट ठेवत होत्या. मग तिथल्या मावशीच म्हणाल्या, "सकाळी घरी करून येऊ दे, तीन तासांत नाही होत. झाली तर मी बघेन." महिनाभर बघू म्हणाले. मी त्या मावशींचं नाव विचारून घेतलं.

---

कात्रजचा_घाट | ९ जून, सायंकाळी ५:३०

खरं सांगूनही चालतं तर. नोंद घेतली.

---

पेरूची_फोड | १७ जून, सकाळी ८:४०

काल रात्री जेवल्यावर वीस मिनिटांनी. स्टूलवर पाय, दार अर्धं लोटलेलं, मी बाहेर कपडे घड्या करतेय, "बघू नको" चालू. मग शांत. मग बदकात टप्पकन आवाज. मग आतून अगदी बारीक आवाजात, "आई, पडली."

मी आळूच्या आईंचं ऐकून "झाली का, बरं" म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. साबा मात्र "कुठे, बघू!" करत आत. नवरा फोनवर मीटिंगमध्ये होता, म्यूट न करताच "अरे वा!" ओरडला.

मग एक गंमत. कमोडमध्ये ओतून फ्लश केलं तर हा भोकाड पसरून रडायला लागला. "माझी आहे, माझी आहे." कोणी सांगितलं नव्हतं की तिला जाऊ द्यायचं असतं. आता आधी टाटा करतो, लांब उभा राहतो, कानांवर हात ठेवतो, मग मी खटका दाबते.

---

गुलबकावली | १७ जून, दुपारी २:००

अभिनंदन. फ्लशची भीती नेहमीची आहे. तो बाथरूमबाहेर गेल्यावर केलंत तरी चालेल. औषध थांबवू नका! ते हळूहळू कमी करायचं, तुमच्या डॉक्टरांना विचारून. आणि प्लेग्रुप सुरू झाल्यावर थोडं मागे गेलं तरी दचकू नका, घर बदललं, भावंड आलं, शाळा सुरू झाली की असं होतं.

---

दोन_लेकींची_आई | १७ जून, दुपारी २:२५

पार्टी कुठे? (जेवायच्या वेळी हा धागा काढणार नसशील तर येते.)

---

पेरूची_फोड | २६ जून, रात्री ९:५०

प्लेग्रुपचा चौथा दिवस. घरी आल्यावर बराच वेळ गप्प होता. मग परत पडद्यामागे गेला. मी मनात म्हटलं, झालं, सगळं मागे. पाच मिनिटांनी बाहेर आला, खूश. डायपर मागितला नव्हता.

चड्डीही काढून ठेवली होती, नीट, सोफ्यावर.

पडदा भिजत घातलाय. बाहेर धो धो पाऊस, वाळायला आठवडा लागेल.